सिस्टर आणि मावशी

कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात तासभर बसलं, की कानावर नात्याचीच नावं पडत राहतात. ‘सिस्टर, सलाईन संपलं.’ ‘मावशी, चादर बदला.’ ‘मामा, स्ट्रेचर आणा.’ पुरुष नर्स असेल तर तो ब्रदर. या गोतावळ्यात नात्याबाहेर राहतो तो एकटा डॉक्टर. तो सर असतो, नाहीतर मॅडम. गंमत अशी, की बहीण इंग्रजीतून आली आणि मावशी मात्र मराठीच राहिली. शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी करून आलेली ती सिस्टर. हाताने काम शिकलेली ती मावशी. दोघी एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभ्या असतात. त्यांच्यामधली रेघ कुणी ओढली, कधी ओढली आणि त्या रेघेचं पुढं काय झालं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

मी शब्दांचा माणूस, म्हणून आधी शब्दांकडे वळतो. इंग्रजीतला ‘नर्स’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ दूध पाजणारी, पोसणारी. आपली ‘दाई’ संस्कृतातल्या ‘धात्री’ची आणि फारसीतल्या ‘दाया’ची नातलग. तिचाही अर्थ तोच, दूध पाजणारी. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, आणि ती म्हणजे मूल सांभाळणारी बाई. म्हणजे नर्स, दाई आणि आया या तीन भाषांतल्या तीन बहिणीच. भाषेच्या लेखी त्यांचं काम एक होतं. त्यांना वरच्या आणि खालच्या पायरीवर बसवलं ते भाषेनं नव्हे, दवाखान्यानं.

लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचारिकांची शाळा १८६० साली सुरू झाली. मुंबईत बायका-मुलांसाठीचं कामा हॉस्पिटल १८८६ साली उभं राहिलं. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झालं आणि सेवासदनानं ससून रुग्णालयात नर्सिंग शिकण्यासाठी मुली पाठवल्या. हे धाडस होतं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं, रक्त आणि मलमूत्र साफ करणं, रात्रपाळी करणं, हे ‘घरंदाज’ बाईचं काम नव्हे, अशी तेव्हाची समजूत. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना या कामानं स्वतःचा पगार दिला, पांढऱ्या पोशाखाचा मान दिला. पण हा मान मिळवताना एक गोष्ट हळूच घडली, असं मला वाटतं. जे काम समाज हलकं समजत होता ते हलकं नाही, असं ठणकावून सांगण्याऐवजी ते दुसरीच्या हाती सोपवलं गेलं. इंजेक्शन, तापाचा तक्ता, औषधाची वेळ नर्सकडे आली. भांडं, फडकं, रक्ताचे कपडे आयाकडे गेले. बाळंतपणात नाळ कापणं आणि वार पुरणं आपल्याकडे अनेक ठिकाणी ‘खालच्या’ मानलेल्या जातींतल्या बायांवर टाकलेलं होतं. गावातली ती उतरंड दवाखान्याच्या फाटकातून आत आली आणि तिला हुद्द्याचं नाव मिळालं.

आता आपल्या भागाकडे येऊ. परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात, पूर्णा आणि नांदेडच्या मधे चुडावा नावाचं स्टेशन आहे. मनमाड–सिकंदराबाद हा लोहमार्ग निजामाच्या काळात पडला आणि चुडाव्यासारखी गावं आगगाडीला जोडली गेली. पण गाडी आली म्हणून नर्स आली नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. ‘दवाखाना’ हा फारसी वळणाचा शब्द आमच्या तोंडात पक्का बसला, दवाखाना मात्र दूर राहिला. माझ्या पिढीतली इकडची बहुतेक माणसं घरातच जन्मली, दाईच्या हातावर. घरोघरच्या बोलीप्रमाणे कुणी तिला सुईण म्हणे, कुणी दाई, आमच्या दखनीत ती दाईअम्मा.

त्या काळचं देशाचं चित्र सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ साली मांडलं. हे भोर नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. त्यांच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० नर्स होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. प्रशिक्षित सुईणी ५,००० होत्या, म्हणजे ६०,००० माणसांमागे एक. एवढ्या थोड्या हातांत देश कसा सांभाळायचा? तेव्हा मार्ग निघाला तो मदतनीस घडवण्याचा. १९५१ साली कमी शालेय शिक्षण असलेल्या मुलींसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम मंजूर झाला. त्या मुलींना नाव मिळालं ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजेच सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. गावानं एवढं लांब नाव घेतलंच नाही. गावानं ‘नर्सबाई’ म्हटलं आणि विषय संपवला.

इथे नीट लक्ष द्यायला हवं. कागदावर जी ‘सहाय्यकारी’, म्हणजे दुसऱ्याची मदतनीस, तीच खेड्यात येऊन मुख्य झाली. तिच्यावरची नर्स तालुक्याला किंवा जिल्ह्याला. मग तिची मदतनीस कोण? तर गावातली दाई. विशीतली नर्सबाई साठीतल्या दाईला ‘आजी’ म्हणे आणि ती आजी तिला ‘बाई’ म्हणून अहो-जाहो करी. वयाचा मान एका बाजूनं जाई, शिक्षणाचा दुसऱ्या बाजूनं. या देवघेवीवर आमच्या भागातली कित्येक बाळंतपणं निभावली.

कारण दोघींचं ज्ञान वेगळं होतं. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे, कुठल्या घरात सासूचा शब्द चालतो, कोणती बाई दुखणं लपवते, हे दाईला ठाऊक. पोटावर हात ठेवून बाळ कसं आहे ते ती ओळखे आणि तिच्यापाशी धीर होता. नर्सबाईला रक्तक्षय कळे, पायावरची सूज आणि वाढलेला रक्तदाब यांचा अर्थ कळे, कुठली बाई वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचली पाहिजे हे कळे. नर्सबाई बाहेरगावची. दाईचा हात धरल्याशिवाय तिला घराचा उंबरठा ओलांडता येत नसे. आणि रक्तस्राव थांबेना तेव्हा नर्सबाईशिवाय दाईचं चालत नसे.

पुढे सरकारनं दायांना प्रशिक्षण दिलं. ‘पाच स्वच्छता’ त्यांना शिकवल्या गेल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ. नवजात बाळांचा धनुर्वात हा त्या काळचा मोठा काळ होता. नर्सनं गरोदर बाईला दिलेली लस आणि दाईच्या हातातलं कोरं पातं, या दोन गोष्टी मिळून तो हटला. २०१५ साली बाळंतिणीच्या आणि नवजाताच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याची भारताची नोंद जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केली. पुढे बाळंतपणं दवाखान्यात गेली, त्याचाही वाटा मोठा. पण पहिली लढाई घराघरात या दोन बायांनी लढवली.

१९७३ साली कर्तारसिंग समितीचा अहवाल आला आणि नर्सबाईची ‘बहुउद्देशीय’ कार्यकर्ती झाली. आपल्याकडे तिला ‘आरोग्यसेविका’ म्हणू लागले. १९७७ साली तिचा अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला. कामं मात्र वाढली: लसीकरण, हिवताप, कुटुंबनियोजन. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात नसबंदीचं उद्दिष्ट वरून खाली उतरत आलं आणि शेवटी सर्वांत खालच्या पायरीवर येऊन थांबलं. जिच्यावर गावाचा भरवसा, तिलाच ‘केस’ आणायला पाठवायचं. त्यातून भरवसा खर्ची पडतो. तो खर्च कुठल्याही हिशेबात लिहिला जात नाही.

याच काळात आपल्या शेजारी, नगर जिल्ह्यातल्या जामखेडला, वेगळा प्रयोग चालू होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. आधी त्यांनीही नर्सबाईच खेड्यात ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. तरुण, एकटी, परगावची मुलगी गावात रुळेना आणि गावही तिच्याशी मोकळं होईना. मग गावातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, अनेक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, शिकत आणि गावी परत जात. शिकलेल्या कर्मचाऱ्यांना हे सहज पचलं नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईला रक्तदाब कसा समजणार, आणि समजला तर आपलं काय उरणार? पण तिथे नर्सचं काम बदललं. ती गावातल्या बाईची साहेब न राहता तिची शिक्षिका झाली आणि अडलेल्या वेळी तिच्या पाठीशी उभी राहिली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली याच बायांतल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. डॉक्टर म्हणजे छताला टांगलेलं मोलाचं झुंबर आणि आम्ही म्हणजे साध्या पणत्या. पण पणतीनं पणती पेटते, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. कवितेत उपमा शोधत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला अशी उपमा सापडली असती तर धन्य वाटलं असतं.

जामखेडचा धडा साधा आहे. मदतनीस म्हणजे स्वस्तात मिळणारे जादा हात नव्हेत. तिला जे ठाऊक आहे ते ज्ञान आहे, असं वरच्या पायरीनं मानलं, तर काम फुलतं.

तो धडा आपण अर्धाच घेतला. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि ‘आशा’ आली, साधारण हजार लोकवस्तीमागे एक. ती त्याच गावची हवी, म्हणजे बहुतेक ठिकाणी गावची सून. त्याच वर्षी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी जननी सुरक्षा योजना आली आणि दाई हळूहळू मागे पडली. बाळंतिणींचे जीव वाचले, हे निर्विवाद. पण दाईनं आपलं शहाणपण कुणाला सोपवावं, हे तिला कुणी विचारलं नाही.

आशाला पगार नाही, कामागणिक मोबदला. त्या कामाची खातरजमा आरोग्यसेविका करते. जिथे पूर्वी आजी आणि बाई होत्या, तिथे आता मधे एक फॉर्म आला. एकीच्या सहीवर दुसरीचं घर चालतं, तेव्हा नातं कितीही गोड असो, त्यात हिशेब शिरतो. दोष सही करणारीचा नाही. तिच्यावरही वरून रकाने भरण्याचा तगादा असतो. उपकेंद्रात आणखी एक बाई असते. तिचं पद ‘अंशकालीन स्त्री परिचर’. झाडणं, पाणी भरणं, बाळंतिणीजवळ थांबणं, हाक येईल तिथे जाणं हे तिचं काम. पदातच वेळ अर्धी लिहिलेली, म्हणून मानधन तुटपुंजं. दिवस मात्र पूर्ण जातो.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. २०२३–२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. आणि त्याच मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी नर्सभरती कंत्राटदारामार्फत करण्याच्या विरोधात काम थांबवलं होतं. मावशी आणि मामांच्या जागा कंत्राटात जाणं त्याआधीच सुरू झालं होतं. खालची पायरी हलली की वरचीही हलते, हे त्या महिन्यात सिस्टरांनाही कळलं असेल.

प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत आईचं नाव असतं, तारीख आणि वेळ असते, बाळाचं वजन असतं. बाळंतपण कुणी केलं याचाही रकाना असतो आणि तिथे नर्सचं किंवा डॉक्टरचं नाव येतं. ते रास्तच आहे, जबाबदारी त्यांची असते. पण रात्रभर त्या बाईची कंबर दाबत बसलेल्या, तिला पाणी पाजणाऱ्या, बाळाला पुसून गुंडाळणाऱ्या मावशीसाठी रकाना नाही. एक रकाना वाढवायला फार खर्च येत नाही. नोंदवहीतली रेघ हातानंच आखलेली असते. सिस्टरनं मनावर घेतलं, तर त्याच पानावर आणखी एक नाव मावेल.