फ्रेज, क्लॉज आणि सेन्टेन्स : आई-बाबांसाठी उजळणी



इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळांत इयर सिक्सच्या मुलांना मे महिन्यात इंग्रजी व्याकरणाची स्वतंत्र परीक्षा असते. २०१३ साली ती सुरू झाली. व्याकरणाचा पेपर ५० गुणांचा, वेळ ४५ मिनिटे. (स्कॉटलंड आणि वेल्समधल्या मंडळींना ही परीक्षा नाही, पण व्याकरण तेच!) अधोरेखित भाग फ्रेज की क्लॉज, क्लॉज असेल तर मेन की सबऑर्डिनेट, असे प्रश्न त्यात वारंवार येतात, आणि मग मूल वही घेऊन आपल्याकडे येते.

आपल्यापैकी बरेचजण केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्ये शिकलेले आहेत. ते ज्ञान इथे कामाला येते, पण एका अटीवर : वाक्याचे मनात मराठी करून उपवाक्ये मोजायची नाहीत.

आधी व्याख्या उरकून घेऊ. फ्रेज म्हणजे शब्दसमूह : 'द ओल्ड मँगो ट्री', 'इन द गार्डन'. क्लॉजमध्ये कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद असते : 'व्हेन द बेल रँग'. हा क्लॉज आहे, पण सेन्टेन्स नाही, कारण ऐकणारा "मग काय झालं?" असे विचारणारच. सेन्टेन्सला निदान एक मेन क्लॉज, म्हणजे आपले प्रधान वाक्य, लागते. (काळ न दाखवणाऱ्या क्रियापदाचाही क्लॉज होतो असे आजचे बहुतेक व्याकरणकार मानतात, आणि इंग्लंडच्या अभ्यासक्रमातल्या शब्दसूचीत तशी नोंदही आहे. सुरुवातीला मात्र काळ दाखवणारे क्रियापद शोधणे हेच सोपे.)

आता खरी अडचण. मराठीला कृदंतांची फार आवड! "पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला" हे आपले केवल वाक्य. इंग्रजीत तेच 'द मॅच वॉज कॅन्सल्ड बिकॉज इट रेन्ड' असे म्हटले की दोन क्लॉज होतात, कारण 'रेन्ड' हे काळ दाखवणारे क्रियापद आहे. 'बिकॉज ऑफ द रेन' म्हटले तर क्रियापद गेले, आणि उरली फक्त फ्रेज.

तसेच "काल आलेला पाहुणा आज गेला". मराठीत एकच वाक्य, पण इंग्रजीत 'द गेस्ट हू केम यस्टरडे लेफ्ट टुडे', आणि 'हू केम यस्टरडे' हा रिलेटिव्ह क्लॉज. मुलाला समजावताना मराठी वापरायचेच असेल तर कृदंत सोडून जो-तो, जेव्हा-तेव्हा, जर-तर वापरा. "जो पाहुणा काल आला, तो आज गेला" म्हटले की गौण वाक्य आपोआप वेगळे दिसते. बोलायला थोडे पुस्तकी वाटेल, पण ही युक्ती आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते.

'बिफोर', 'आफ्टर', 'सिन्स' आणि 'अंटिल' या चार शब्दांवर मुले हमखास अडखळतात. 'बिफोर डिनर' ही फ्रेज, तिथे 'बिफोर' प्रेपोझिशन. 'बिफोर वी एट डिनर' हा क्लॉज, तिथे तोच शब्द कन्जन्क्शन, म्हणजे आपले उभयान्वयी अव्यय. मराठीत "जेवणापूर्वी" आणि "जेवण्यापूर्वी" यांत फरक फक्त एका 'य'चा, आणि दोन्हींत उपवाक्य नाहीच! तेव्हा इथे मराठीची मदत होत नाही. पुढे कर्ता आणि क्रियापद आहे का, एवढेच पाहायचे.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. "हा माझा भाऊ" हे मराठीत क्रियापदाशिवाय पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत 'इज' हवेच. आणि "मी घरी आलो, दार बंद होते" अशी दोन वाक्ये मराठीत स्वल्पविरामाने जोडलेली खपून जातात. इंग्रजीत मात्र तिथे 'अँड' किंवा 'बट' सारखा शब्द, अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांच्या निबंधात या दोन्ही जागा जरूर तपासा.

सरावासाठी चार तुकडे देतो : 'सिन्स मंडे', 'सिन्स यू लेफ्ट', 'आफ्टर अ लाँग वॉक', 'अंटिल द ट्रेन अराइव्ह्ज'. पहिला आणि तिसरा फ्रेज, दुसरा आणि चौथा क्लॉज. उत्तरे मुलांना आधी सांगू नका!