डेटन : महापूर आणि नगरव्यवस्थापक
अमेरिकेच्या ओहायो राज्यातील, ग्रेट मायामी नदीकाठचे डेटन हे शहर विसाव्या शतकाच्या आरंभी रोख व्यवहार नोंदवणारी गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ या कारखान्यामुळे भरभराटीस आले होते. नगरकारभार मात्र पक्षीय हितसंबंधांत गुंतलेला होता. मार्च १९१३ च्या महापुरात शहराचा मध्यभाग बुडाला, तेव्हा कारखान्याचे प्रमुख जॉन पॅटरसन यांनी होड्या बांधवून बचावकार्य हाती घेतले आणि आधीपासून चाललेल्या सुधारणेच्या मागणीला विलक्षण बळ आले. त्याच वर्षी मतदारांनी नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराची लिखित घटना, मंजूर केली. १९१४ पासून पाच निर्वाचित सदस्यांचे मंडळ धोरण ठरवू लागले आणि अंमलबजावणी मंडळाने नेमलेल्या नगरव्यवस्थापकाकडे गेली. पहिले व्यवस्थापक हेन्री वेट हे अभियंता होते. महाराष्ट्रात महापालिका आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते, तर डेटनचा व्यवस्थापक मंडळालाच उत्तरदायी होता, आणि या पद्धतीचे खरे सामर्थ्य त्यातच आहे. तथापि प्रभागांऐवजी संपूर्ण शहरातून सदस्य निवडले जाऊ लागल्याने कामगार वस्त्यांचा आवाज क्षीण झाला, ही उणीव किरकोळ मानता येत नाही.