बोंडलं, गालिचा आणि सिपर

बारशाला आजोळहून काय काय यायचं, ती यादी साठीच्या पुढच्या आपण बायकांना अजून पाठ असेल. वाळे, करगोटा, वाटी-चमचा आणि बोंडलं. पहिल्या तीन वस्तू आजही येतात. बोंडलं मात्र नव्या सुनांना दाखवून सांगावं लागतं. एवढीशी वाटी, तिला पुढे निमुळती होत गेलेली तोटी. बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं, तोटी ओठांच्या कोपऱ्याशी टेकवायची आणि वाटी जराशी कलती करायची. गुटी, औषध, वरचं दूध, सगळं याच्यातूनच. ज्यांना परवडायचं त्यांचं चांदीचं, बाकीच्यांचं पितळेचं, पुढे स्टीलचं.

आता बारशाला त्याच जागी येतो सिपर. घट्ट झाकण, वर प्लॅस्टिकची तोटी, दोन बाजूंना दोन कान. दिसायला दोन्ही वस्तू बहिणी-बहिणी. म्हणून आजी म्हणते, "अगं, हे तर आपलं बोंडलंच!" आणि सून म्हणते, "आई, यातून सांडत नाही." मला दोघींचंही म्हणणं अर्धंच बरोबर वाटतं. तोटी जुनीच आहे, फार जुनी. पण न सांडणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे, आणि सिपर निवडताना विचार करायचा तो याच गोष्टीचा.

तोटी किती जुनी? २०१९ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या ज्युली डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला होता. जर्मनीतल्या बव्हेरियात लहान मुलांच्या थडग्यांतून तोटीची मातीची भांडी निघाली. काळ इसवी सनापूर्वी साधारण १२०० ते ४५०. तळहातावर मावतील एवढीच ती. अशी भांडी पूर्वीही ठिकठिकाणी सापडली होती, पण ती बाळांची की आजाऱ्यांची, याबद्दल वाद होता. या वेळी आतल्या मातीत मुरलेल्या स्निग्धांशाची तपासणी केली तेव्हा गाय, शेळी, मेंढी अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचा माग लागला. म्हणजे आईच्या दुधाला जोड म्हणून किंवा त्याच्या जागी बाळाला वरचं दूध दिलं जात होतं. त्या काळातली युरोपातली काही भांडी तर प्राण्यांच्या आकाराची आहेत, पाय असलेली, कान असलेली. भांडं थडग्यात बाळाशेजारी ठेवलेलं होतं हे वाचलं की पुढचं काही वेळ वाचवत नाही.

तोटीची ही कल्पना आपल्या देशातही ठिकठिकाणी आहे. तमिळनाडूत पालाडै, केरळात गोकर्णम्, आपल्याकडे बोंडलं. आणि ती केवळ आजीबाईच्या बटव्यातली राहिलेली नाही. अपुऱ्या दिवसांच्या, नीट चोखता न येणाऱ्या बाळांसाठी आपल्याकडच्या नवजात शिशू विभागांत आजही पालाडै वापरतात. १९९९ साली भारतीय डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बाटली, पेला आणि पालाडै यांची तुलना होती. पालाडैने बाळांनी कमी वेळात जास्त दूध घेतलं आणि ती शांतही राहिली. घासायला सोपं हा तर आपल्या बायकांचा अनुभवच आहे. उघडं भांडं, आत लपायला कोपरा नाही.

या सगळ्या भांड्यांत एक गोष्ट सारखी आहे. ती मोठ्या माणसाच्या हातात असतात. बाळाने तोंड मिटलं की हात थांबतो. ठसका लागला की हात मागे येतो. आणि पाजून झालं की भांडं धुवून फडताळात जातं. बोंडलं हातात घेऊन घरभर फिरणारं मूल कुणी पाहिलं आहे का?

हे भांडं मोठ्यांच्या हातातून पहिल्यांदा सुटलं ते एकोणिसाव्या शतकात, युरोप-अमेरिकेत. १८४५ साली अमेरिकेत एलायजा प्रॅट याने रबरी बोंडाचं पेटंट घेतलं. त्यानंतर इंग्लंडमध्ये एक बाटली फार चालली. चपटी काचेची बाटली, तिच्यातून निघालेली लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला बोंड. बाटली बाळाच्या शेजारी ठेवायची, बोंड तोंडात द्यायचं. बाळ आपलं आपण पीत राहतं आणि आई कामाला मोकळी. ज्या बाईच्या मागे चार मुलं, चूल आणि धुणं आहे तिला हे वरदानच वाटलं असणार. तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या नळीच्या आत हात जात नव्हता, ब्रशही धड जात नव्हता. दुधाचा थर आत आंबत राहायचा. जुलाब-उलट्यांनी बाळं दगावू लागली. या बाटल्यांना 'खुनी बाटली' असं नावच पडलं. डॉक्टर ओरडत होते, तरी विक्री चालूच होती, कारण सोय डोळ्यांना दिसते आणि जंतू दिसत नाहीत. शेवटी फ्रान्सने १९१० साली कायदा करून नळीच्या बाटल्या बंद केल्या.

आता सिपर. झाकणाला तोटी असलेले प्लॅस्टिकचे पेले त्याआधीही होते, पण उपडे केले की गळायचे. न गळणारा पेला आला तो १९९० च्या आसपास, आणि त्याच्या जन्मकथा दोन आहेत. अमेरिकेत रिचर्ड बेलांजर नावाचा इंजिनिअर मुलाने सांडलेलं पुसून पुसून कंटाळला आणि त्याने झाकणात झडप बसवली. १९९२ च्या जानेवारीत त्याला पेटंट मिळालं आणि प्लेटेक्स कंपनीने त्याची कल्पना बाजारात नेली.

दुसरी कथा इंग्लंडमधल्या मँडी हेबरमन यांची. ही बाई मला फार आवडते. त्यांची मुलगी १९८० साली जन्मली ती टाळूच्या दोषासह. तिला चोखता येत नव्हतं. तेव्हा हेबरमन यांनी अशा बाळांसाठी खास बाटली तयार केली आणि ती पुढे जगभर इस्पितळांत वापरली गेली. नंतर १९९० साली एका मैत्रिणीच्या घरी त्यांनी पाहिलं की एका लहान मुलाच्या पेल्यातला रस फिकट रंगाच्या गालिच्यावर सांडतो आहे. तिथून त्यांना चीर असलेल्या झडपेची कल्पना सुचली. मूल ओढेल तेव्हाच चीर उघडते, ओढणं थांबलं की मिटते. मोठ्या कंपन्यांनी आधी दाद दिली नाही. मग एका मोठ्या सुपरमार्केटला त्यांनी काय पाठवलं, तर पांढऱ्या खोक्यात गडद रसाने भरलेला पेला, तसाच, पोस्टाने! वाटेत गळला असता तर खोकं रंगलं असतं. नाही गळला, आणि ऑर्डर आली.

पुढचा भाग माझ्यातल्या बी.कॉम.साठी. पेला चालला तशी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने तशीच झडप बाजारात आणली. हेबरमन कोर्टात गेल्या. समोरच्यांचं म्हणणं, यात शोध कसला, कुणालाही सुचलं असतं. १९९९ साली लंडनच्या न्यायालयाने हेबरमन यांच्या बाजूने निकाल दिला. सांडणाऱ्या पेल्यांचा त्रास इतकी वर्षं सगळ्यांना होता, वस्तू इतकी साधी होती, तरी आधी कुणी केली नाही. मग ती उघड कशी म्हणायची? घरातल्या बाईने पाहिलेली अडचण पेटंट म्हणून कोर्टात टिकली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पण मैत्रिणींनो, दोन्ही कथा पुन्हा वाचा. अडचण कुणाची होती? पुसणाऱ्या बापाची आणि गालिच्याची. मुलाला पाणी पिता येत नव्हतं असं दोन्हीकडे कुणी म्हटलेलं नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, बाहेर मोटारीची कापडी सीट, तिथे ही अडचण खरीच आहे. आपल्या घरात फरशी असते. फडकं फिरवलं की झालं.

न सांडणारा पेला मुलाच्या हातात देता येतो, दिवसभर. झोपतानाही. तोटी मोठ्यांच्या हातातून दुसऱ्यांदा सुटली ती इथे. खुनी बाटलीइतकं यात काही भयंकर नाही, उगीच घाबरवायचं नाही. पण काही गोष्टी पाहाव्या लागतात. झडपेतून प्यायला मुलाला जोर लावून ओढावं लागतं, म्हणजे काम बाटलीचंच. पेल्याने प्यायची सवय त्यातून लागत नाही. आत दूध किंवा रस असेल आणि मूल तासन्‌तास घोट घोट घेत असेल तर दात किडतात, हे दातांचे डॉक्टर सांगून थकले. आणि तोंडात तोटी धरून चालणारं मूल पडतं. अमेरिकेत १९९१ ते २०१० या वीस वर्षांतल्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली आला. बाटली, चोखणी आणि सिपर यांमुळे इजा होऊन तीन वर्षांखालची अंदाजे ४५,३९८ मुलं तातडीच्या विभागात आली होती. शंभरातल्या ८६ जणांचं कारण पडणं हेच होतं. त्यात सिपरचा वाटा सुमारे १४ टक्के, बाटलीचा बराच जास्त.

प्लॅस्टिकबद्दलही थोडं. बीपीए या रसायनावरून पुष्कळ आरडाओरडा झाला आणि जुलै २०१२ मध्ये अमेरिकेने बाळांच्या बाटल्यांत व सिपरमध्ये त्याला बंदी केली. गंमत अशी की ही बंदी मागितली होती रसायन उद्योगाच्याच संघटनेने, कारण कारखानदारांनी ते वापरणं आधीच सोडलं होतं. ज्याचा धंदा उरला नाही त्याच्यावर बंदी आली तर नुकसान कसलं, उलट गिऱ्हाईक निश्चिंत होतं. आपल्याकडे २०१५ च्या मानकाप्रमाणे दूध पाजण्याच्या बाटल्यांत बीपीए चालत नाही. तरी बिननावाचा, रस्त्यावरचा सिपर घेऊ नये.

आपल्या जैन घरात यापुढे आणखी एक प्रश्न येतो. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. उकळलेल्या पाण्याची २४ तास. सून नेमाने उकळलेलं पाणी सिपरमध्ये भरते आणि तिला वाटतं, दिवसभराची सोय झाली. पण पहिल्या घोटानंतर ते पाणी उष्टं. लाळ तोटीतून आत उतरते, झडपेत अडकते. ताटात उष्टं पडू देऊ नये, ताट धुवून प्यावं, असं जे आपल्याला लहानपणी शिकवलं, तेच इथे लावायचं. डॉक्टरही दुसऱ्या शब्दांत हेच सांगतील की उष्टं पाणी वा दूध तासन्‌तास ठेवू नका.

मग घ्यायचं काय? सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधावर असलेल्या बाळाला पाणीच नको, म्हणजे प्रश्नच नाही. उष्टावण झालं की लहान फुलपात्र किंवा काठ जाड असलेली छोटी वाटी. दोन घोट पाणी घालायचं, आपण धरायचं, बाळाचे हात वर ठेवू द्यायचे. पहिले काही आठवडे निम्मं अंगावर सांडेल, लाळेरं भिजेल. वर्षाचं होईपर्यंत बरीच मुलं बऱ्यापैकी पिऊ लागतात, आणि बाटली सोडवायलाही हीच वेळ बरी.

प्रवास आहे, पाळणाघर आहे, तिथे सिपर हवाच, आणि नोकरी करणाऱ्या सुनेला त्यावरून बोल लावू नये. फक्त दुकानात झाकण उघडून बघावं. झडप नसलेला, कलता केला की आपोआप थेंब थेंब येणारा मिळाला तर तो पहिला. नाहीतर आखूड नळीचा, सोबत नळी घासायचा बारीक ब्रश असलेला. झडपेचाच घ्यावा लागला तर झडप पूर्ण सुटी होते का, किती तुकडे होतात, रबर उलटं करून आतून घासता येतं का, हे पाहावं. जी झडप निघतच नाही तो पेला कितीही गोंडस असला तरी परत ठेवावा. आत फक्त पाणी. बसवून पाजायचं, आणि प्यायल्यावर पेला आपल्या पिशवीत. रात्री सगळे भाग सुटे करून घासून, पालथे घालून, कोरडे झाल्यावरच जोडायचे. रबरावर काळा ठिपका दिसला तर तो घासत बसू नये, रबर बदलावं. वेगळं रबर मिळतं का, हे पेला घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवलेलं बरं.