कोंबडीचा हयातीचा दाखला

दरसाल नोव्हेंबर उजाडला, की आमच्या शाखेत पेन्शनर मंडळींची रांग लागते. आपण अजून जिवंत आहोत, हे सरकारला लेखी कळवायचा हा महिना. गेली वीस वर्षं मी काउंटरच्या अलीकडे बसून पलीकडची माणसं जिवंत असल्याची खात्री करतो आहे. काम वाटतं तितकं सोपं नाही. माणूस समोर उभा राहून खोकतोय, हा काही पुरावा नव्हे. हल्ली यंत्रावर अंगठा टेकवायची सोय झाली आहे. पण जन्मभर खडू धरून गुळगुळीत झालेले अंगठे यंत्राला पटत नाहीत, आणि गाडी पुन्हा कागदावर येते.

यंदा त्या रांगेत आमचे मास्तर होते. सातवीत त्यांनी मला गणित शिकवलं. म्हणजे त्यांनी शिकवलं. मी शिकलो, असा आरोप अजून कुणी केलेला नाही.

"तीन महिने पेन्शन नाही रे," मास्तर म्हणाले.

मी नंबर घातला. पडद्यावर त्यांच्या नावापुढे स्वच्छ लिहिलेलं: 'मयत'.

"मास्तर, तुम्ही... म्हणजे इथे तुम्ही वारलेले दिसताय."

"कधी?"

"ऑगस्टात."

"अरे, गणपतीत तर मी तुमच्याच आळीत आरतीला होतो. दोन मोदक जास्तच खाल्ले." मग चष्मा पुसत त्यांनी शांतपणे विचारलं, "ताळा केलास का?"

मास्तरांचा हा जुना शब्द. उत्तर आलं? छान. आता ताळा करून बघ. वहीतलं उत्तर कितीही सुबक अक्षरात असो, ताळा जमला नाही तर ते चूक. पुढे चौकशीत निघालं ते असं, की मास्तरांच्याच नावाचे दुसरे एक गृहस्थ वारले होते आणि कुणीतरी त्यांचं मरण मास्तरांच्या खात्यावर जमा करून टाकलं होतं. ताळा कुणीच केला नव्हता.

त्याच रात्री माझ्या भाच्याचा फोन आला. हा माँट्रियलला असतो. तिकडे सकाळ असते तेव्हा इकडे आमची जेवणं झालेली असतात. त्यानं कुठल्याशा शेतावर काढलेला एक फोटो पाठवला होता.

"मामा, ओळखा बघू."

फोटोत एक पांढरीशुभ्र, टपोरी कोंबडी होती. "बॉयलर," मी ठामपणे म्हणालो. आमचं कोंबडीचं ज्ञान दोन रकान्यांत संपतं: गावठी आणि बॉयलर.

"चूक. ही शाँतक्लेर. १९७९ साली ही जात नामशेष झाली असं धरून चालले होते."

एका दिवसात दुसरा मयत इसम जिवंत! मी म्हटलं, "अरे, ताळा केला नसेल कुणी." भाच्याला काही कळलं नाही. पण मला झोप लागेना. कॉमर्सच्या माणसाचा इतिहासाशी संबंध तसा मागच्या वर्षीच्या ताळेबंदापुरताच. तरी पुढच्या चार रात्री मी त्या कोंबडीचं जुनं खातं उकरण्यात घालवल्या. घरात "यांना बढती नाही मिळाली, आता हे पोल्ट्री काढणार" अशी कुजबुज झाली. तिकडे लक्ष दिलं नाही.

तर हकीकत अशी. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात, माँट्रियलच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर ओका नावाचं गाव आहे. १८८१ साली फ्रान्सहून आलेल्या ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी तिथे मठ बांधला. प्रार्थना करायची, हातानं कष्ट करायचे आणि शक्य तितकं मौन पाळायचं, असा हा पंथ. त्यांनी शेती केली, चीज केलं (ओकाचं चीज अजून प्रसिद्ध आहे), शेतकीची शाळा काढली. त्या शाळेत कोंबड्यांचं खातं ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांच्याकडे होतं.

असं सांगतात, की ब्रदर विल्फ्रिड एकदा आपल्या वडिलांना खुराडी हिंडून दाखवत होते. ही अमुक देशाची, ती तमुक देशाची, असं चाललं असताना त्यांच्या ध्यानात आलं, की इथे सगळ्या जाती अमेरिकेच्या नाही तर युरोपच्या. कॅनडाची म्हणावी अशी एकही नाही. घर आपलं, दाणे आपले, आणि खुराड्यात सगळे पाहुणे!

बरं, पाहुण्यांना तिथली हवा सोसत नव्हती. ओकाला थंडीत पारा शून्याच्या खाली वीस-वीस, पंचवीस-पंचवीस अंश जातो. आपल्याकडे पंधरावर आला की लोक कानटोपी शोधतात. कोंबडीला कानटोपी नसते. तिच्या डोक्यावरचा मांसल तुरा आणि चोचीखाली लोंबणारे लाल लोलक उघडेच. ते गारठून गोठतात, काळे पडतात, झडतात. दुखणाईत कोंबडी अंडी घालायचं बंद करते. म्हणजे ज्या हंगामात अंड्याला भाव, नेमक्या त्याच हंगामात माल नाही.

ब्रदर विल्फ्रिड १९०८ च्या सुमारास कामाला लागले. लग्नं कुणाची कुणाशी लावली ते लक्षपूर्वक ऐका. एकीकडे डार्क कॉर्निश जातीचा कोंबडा आणि व्हाइट लेगहॉर्न कोंबड्या. दुसरीकडे ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि व्हाइट वायनडॉटच्या कोंबड्या. मग या दोन घरांतल्या मुलामुलींची सोयरीक. आणि त्यांच्या लेकरांचं लग्न व्हाइट प्लायमाउथ रॉकशी. पत्रिका पाहणारे, हुंडा मागणारे कुणी नव्हते. पण निवड मात्र आपल्या वधू-वर सूचक मंडळांपेक्षा कडक. तुरा मोठा निघाला, बाद. थंडीत अंडी बंद, बाद. अंग भरलं नाही, बाद. हे दहा वर्षं चाललं होतं. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचंही जमायला सातच लागली.

१९१८ साली नवी जात लोकांपुढे आली. १९२१ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं तिला आपल्या अधिकृत ग्रंथात जागा दिली. पिसं पांढरीशुभ्र, कारण पांढऱ्या पिसांची कोंबडी सोलल्यावर कातडीत उरलेली खुंटं दिसत नाहीत, माल स्वच्छ वाटतो. कोंबडा सुमारे चार किलोचा, कोंबडी तीन किलोची. अंडी बदामी. आणि डोक्यावर तुरा म्हणाल, तर उशीसारखा एक लहानसा उंचवटा, कवटीला चिकटून बसलेला. लोलक जवळजवळ नाहीतच. थंडीनं चावायचं म्हटलं तरी कुठे चावणार?

इथे मला एक गंमत सापडली. डार्क कॉर्निश ही इंग्लंडच्या कॉर्नवॉलची जात खरी, पण तिचं पूर्वीचं नाव 'इंडियन गेम'. आपल्याकडची झुंजीची असील कोंबडी तिकडे नेली, तिच्या रक्तातून ही जात उभी राहिली. म्हणजे त्या कॅनेडियन कोंबडीची खापरपणजी आपल्याकडची! दुसरी आजी लेगहॉर्न. ही मूळची इटलीच्या लिव्होर्नो बंदराकडची. अमेरिकेत जाऊन वाढली, मग जगभर पसरली. आपल्या वाण्याकडे मिळणारी पांढरी अंडी तिच्याच गोतावळ्याची. इटलीचं कूळ, अमेरिकेचं वळण, आणि आपण त्यांना म्हणतो इंग्लिश अंडी! ही माहिती मी घरी जेवताना दिली. "भाजी वाढू का?" एवढाच प्रतिसाद आला.

नावाचीही एक कथा आहे. शाँतक्लेर म्हणजे स्वच्छ, खणखणीत गाणारा. फ्रान्समधल्या मध्ययुगीन कोल्ह्याच्या गोष्टींत जो कोंबडा येतो, त्याचं हे नाव. जन्मभर तोंड मिटून राहणाऱ्या साधूंनी आपल्या कोंबड्याला 'खणखणीत गाणारा' म्हणावं, यात मला तरी त्यांची थोडी हौस फिटलेली दिसते. ब्रदर विल्फ्रिडांचं काम ऐन रंगात होतं तेव्हाच, १९१० मध्ये, पॅरिसला एदमाँ रोस्ताँ यांचं याच नावाचं नाटक रंगभूमीवर आलं. त्यातल्या कोंबड्याची अशी समजूत, की आपण आरवतो म्हणून सूर्य उगवतो. आपल्याकडची म्हातारी त्या बिचाऱ्याला भेटायला हवी होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिनं त्याला दोन मिनिटांत समजावलं असतं.

आता मरणाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर कोंबडीपालनाचा कारखाना झाला. अंड्यांसाठी एक कोंबडी, मांसासाठी दुसरी. एकीनं नुसती अंडी घालायची, दुसरीनं नुसतं फुगायचं. आमच्याकडेही पूर्वी एकच कारकून पासबुक भरायचा, ड्राफ्ट लिहायचा आणि साहेबांच्या मुलाला शाळेत सोडून यायचा. पुढे कामं वाटली गेली, आणि सगळं थोडं थोडं येणारा माणूस एकाएकी बिनकामाचा ठरला. शाँतक्लेरचं तेच झालं. ती अंडीही देई, अंगानंही भरे; पण दोन्हींत पहिला नंबर नाही. थंडी सोसण्याचा तिचा मोठा गुण होता, तर शेडच गरम केल्यावर त्या गुणाला कोण विचारतो? हिशेबात ती बसेना.

१९७९ साली सस्कॅचवन विद्यापीठातला शेवटचा ज्ञात शाँतक्लेर कोंबडा मेला. 'शेवटचा ज्ञात' यातला 'ज्ञात' हा शब्द फार महत्त्वाचा. पण आम्ही नोंदी ठेवणारी माणसं नेमका तोच शब्द गाळतो. खातं बंद झालं. जात संपली, अशी समजूत झाली.

आणि मग कळलं, की लहान लहान शेतांवर ही कोंबडी मजेत दाणे टिपते आहे! त्या शेतकऱ्यांना आपली कोंबडी वारल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. बापानं पाळली म्हणून मुलानं पाळली. थंडीत अंडी देते, रविवारी रस्साही होतो, मग बदला कशाला? विद्यापीठाच्या वहीत जात मेलेली आणि शेतकऱ्याच्या अंगणात तीच पिल्लं घेऊन हिंडते आहे. कोंबडं झाकलं होतं ते वहीनं. तांबडं आपलं रोज फुटत होतं.

१९९९ साली क्युबेक सरकारनं कायदाच करून तिला प्रांताचा शेतीवारसा म्हणून मान्यता दिली. तिच्या जोडीला त्याच कायद्यात कॅनेडियन घोडा आणि कॅनेडियन गाय. झाला की नाही सरकारी हयातीचा दाखला? पुढे २००९ साली साधूंनीही ओका सोडलं. ते साँ-ज्याँ-द-माथा गावाजवळच्या नव्या मठात गेले. मठ रिकामा झाला, कोंबडी राहिली. अजून दुर्मिळ आहे, पण आहे.

हे सगळं वाचून मी खूश होणार, तोच एका विचारानं पोटात गोळा आला. बँकेत चुकीची नोंद पडली, तर उलटी नोंद टाकता येते. मास्तरांची तशी टाकली. मास्तर मूळचे जिवंत होते म्हणून ती टाकता आली. कोंबडीचंही तसंच. पण त्या चार-दोन शेतकऱ्यांनी "हिच्यात फायदा नाही" म्हणून वेळीच मानगूट धरली असती, तर? मग ताळा अचूक जमला असता, आणि कुठल्याच हेडऑफिसला उलटी नोंद टाकता आली नसती. एका मौनी माणसाची दहा वर्षं, इटलीची आजी, आपली खापरपणजी, सगळं एका दुपारच्या रश्श्यात संपलं असतं. ज्यांनी वाचवलं त्यांनी वारसा वगैरे शब्दही उच्चारला नसेल. त्यांना फक्त मोडायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उगाचच आजोळी मामीला फोन केला. लहानपणी तिच्या परड्यात एक ठिपक्यांची कोंबडी असायची, माझ्या मागे लागायची. "मामी, ती कोंबडी आहे का गं?"

"खुळा की काय तू? तीस वर्षं झाली!"

"तिच्या वंशातलं कुणी?"

मामी थोडा वेळ गप्प राहिली. "तशी शेजारच्या वहिनींकडे दोन आहेत ठिपक्यांची. आमच्याकडूनच पिल्लं नेली होती बहुतेक. का रे?"

"काही नाही. त्यांना म्हणावं, ठेवा."

डिसेंबरात मास्तर पुन्हा आले. पेन्शन सुरू झाली होती, थकबाकीही जमा झाली होती. त्यांनी पासबुक भरून घेतलं, खिशातून पेन्सिल काढली आणि तिथेच उभ्याउभ्या बेरीज मांडली. मागची रांग चुळबुळायला लागली. मी मधल्या वेळात त्यांना कोंबडीची सगळी गोष्ट सांगितली. ओकाचे साधू, १९७९ सालचं मरण, १९९९ चा कायदा. मास्तर पेन्सिल थांबवून मन लावून ऐकत होते.

"म्हणजे वीस वर्षं ती तुमच्या वहीत मयत होती म्हण की."

"आमच्या नव्हे हो मास्तर, कॅनडाच्या."

"वह्या सगळ्या सारख्याच." मास्तरांनी पासबुक खिशात ठेवलं. "मला तीन महिन्यांचे पैसे मागचे मिळाले. त्या कोंबडीला वीस वर्षांचे कोण देणार?"

मी गप्प बसलो. सातवीतही बसायचो.