शलाका-बिनतारी सेवा, मुंबई
लघुतरंग परावर्तकांच्या साहाय्याने अरुंद शलाकेत एकवटून ठराविक केंद्राकडेच पाठविणारी तारसेवा. रे रोडलगतच्या कॉटन ग्रीन येथे 1920–30 या दशकात कापूस-बाजार वसला, तेव्हा लिव्हरपूलचे भाव समुद्री तारेने येत. इंग्लंडशी शलाका-सेवा सप्टेंबर 1927 मध्ये सुरू झाली. प्रेषण केंद्र खडकीस, तर ग्रहण केंद्र दौंडला (दोन्ही पुणे जिल्ह्यात) होते.

ब्रिटिश डाक खात्याने मार्कोनी कंपनीशी 1924 मध्ये केलेल्या करारात यंत्रणेची कसोटी नमूद होती : मिनिटास पाच अक्षरी 100 शब्द, दोन्ही दिशांनी एकाच वेळी, भारतासाठी दररोज सरासरी 12 तास. पुन्हा पाठवावे लागलेले शब्द मोजावयाचे नव्हते. कॅनडासाठी ही मर्यादा 18, ऑस्ट्रेलियासाठी 7 तास होती. लघुतरंगांचा मार्ग आयनांबरावर, म्हणजे प्रहर व ऋतू यांवर अवलंबून असल्याने हा फरक पडे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने वेगापेक्षा ते बारा तास कोणते, हाच खरा प्रश्न होता. तार मात्र अहोरात्र चाले. तरीही स्वस्त दरांमुळे शलाका-सेवेने तार कंपन्यांचा धंदा इतका ओढून घेतला, की 1928 च्या साम्राज्य परिषदेने दोहोंच्या एकत्रीकरणाची शिफारस केली. भारतातील सेवा 1 जानेवारी 1947 रोजी सरकारने ताब्यात घेतली.