दक्षिणेपासून फेलोशिपपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा तापी खोऱ्यातील जुन्या व्यापारी वाटांविषयी लिहावे असे मनात होते. परंतु त्याच सुमारास आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीविषयी ज्ञातिबांधवांत चर्चा चालू असल्याचे कानी आले. दहावी-बारावीस अधिक गुण मिळविणाऱ्या मुलामुलींस आपण दरवर्षी बक्षिसे देतो. पण विद्यापीठात संशोधन करणाऱ्यास अथवा चित्रकला, संगीत यांस वाहून घेणाऱ्यास या निधीतून काही द्यावे की न द्यावे, आणि द्यावयाचे तर किती वर्षे, असा तो प्रश्न आहे. आपल्यापुढे तो आज आला. महाराष्ट्रापुढे तो जवळजवळ तीनशे वर्षे आहे. म्हणून व्यापारी वाटा तूर्त बाजूस ठेवून या विषयाचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहो.

या इतिहासाचा आरंभ तळेगावास होतो. सेनापती खंडेराव दाभाडे हे श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देत असत. याच दाभाड्यांच्या पदरी असलेले पिलाजीराव गायकवाड यांनी गुजरातच्या मोहिमांसाठी आपला आरंभीचा तळ ठेवला तो आपल्या नवापुरास. पुढे ते पलीकडे सोनगडास गेले आणि त्यांच्या वंशाने बडोद्याचे राज्य उभारले. आज नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे, याची प्रवाशांस मौज वाटते. परंतु विद्येस द्रव्यसाहाय्य करण्याच्या दोन मोठ्या परंपरा, दाभाड्यांची दक्षिणा व गायकवाडांची शिष्यवृत्ती, या एकाच लष्करी छावणीतून निघाल्या आणि त्या छावणीचा एक तंबू आपल्या जिल्ह्यात होता, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

१७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले. त्यानंतर दक्षिणेची व्यवस्था थोरल्या बाजीरावांनी पुण्यास नेली. पुढे पर्वतीच्या पायथ्याशी रमणा बांधला गेला व तेथे हजारोंच्या संख्येने ब्राह्मण जमू लागले. शास्त्री मंडळी परीक्षा घेत व योग्यतेप्रमाणे रक्कम ठरे, ही मूळची रीत. परंतु संख्या वाढत गेली तशी परीक्षा मागे पडली आणि दक्षिणा म्हणजे वार्षिक दानधर्म असे तिचे रूप झाले. एखाद्यास वर्षभर निश्चिंतपणे ग्रंथ लिहिता यावा एवढी रक्कम त्या गर्दीत फार थोड्यांच्या पदरात पडत असेल. शिवाय तो रमणा एकाच जातीसाठी उघडा होता, हेही येथे सांगितलेच पाहिजे.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेबांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षास ५०,००० रुपये राखून ठेवले आणि १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. यानंतरचा बदल फार शिकण्यासारखा आहे. नवीन दक्षिणा मंजूर करावयाची नाही आणि जुने दक्षिणापात्र लोक निवर्तत जातील तसतशी वाचणारी रक्कम उपयुक्त विद्येकडे वळवावी, असे सरकारचे धोरण ठरत गेले. १८४९ साली गोपाळराव हरि देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, आणि पुण्यातील काही तरुण यांनी अर्ज केला की, या पैशातून मराठी ग्रंथकारांस उत्तेजन द्यावे. शहरात मोठा गहजब झाला. तथापि अर्जाचा उपयोग झाला आणि दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन होऊन मराठी ग्रंथांस बक्षिसे मिळू लागली.

कमिटी आली म्हणजे न्याय आला असे मात्र नव्हे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठविले व ते नाकारले गेले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे इतरांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. आज ते नाटक मराठी रंगभूमीच्या इतिहासात मानाने उल्लेखिले जाते. जे ग्रंथ कमिटीने त्या काळी पसंत केले, त्यांपैकी किती आज वाचले जातात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले. पुढच्या दशकात याच दक्षिणेच्या पैशातून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे प्रथम ज्युनिअर फेलो झाले तेव्हा त्यांस दरमहा ६० रुपये मिळत. पुढे सीनियर फेलो झाल्यावर १२० रुपये मिळू लागले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व काशिनाथ त्रिंबक तेलंग हेही दक्षिणा फेलो होते. खालच्या वर्गांस शिकवावे आणि उरलेला वेळ स्वतःच्या अभ्यासास द्यावा, अशी ती योजना. रमण्यातील दक्षिणा हजारोंस एक दिवस मिळे; फेलोशिप मोजक्यांस काही वर्षे, दर महिन्यास मिळू लागली. आमच्या मते या संपूर्ण इतिहासातील मुख्य स्थित्यंतर हेच होय. पैसा तोच, त्याची वाटणी बदलली, आणि त्यातून रानडे व भांडारकर निघाले.

ब्राह्मणेतर समाजास या प्रवाहातून फारसे पाणी मिळाले नाही. त्यांस आपली विहीर आपण खणावी लागली. गंगारामभाऊ म्हस्के यांनी १८८३ साली पुण्यास डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन स्थापन केली. ज्ञातीतील होतकरू मुलांस शिष्यवृत्ती देणे हे तिचे कार्य. विठ्ठल रामजी शिंदे यांस कॉलेजात असताना या संस्थेचे साहाय्य झाले होते. पुढे १९०१ साली युनिटेरियन मंडळींची शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासास गेले, तेव्हा सयाजीराव महाराजांनीही त्यांस हात दिला. ज्ञातीचा निधी, परकीय संस्था व संस्थानिक असे तीन निरनिराळे हात लागले तेव्हा एक माणूस १९०३ साली विद्या घेऊन परत आला, आणि अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यास त्याने जन्म वाहिला. म्हस्क्यांची संस्था एका जातीची होती. तिच्या पैशाचे फळ त्या जातीपुरते राहिले नाही.

महाराज सयाजीराव हे मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे. १८६३ साली शेतकऱ्याच्या घरी जन्म, १८७५ साली बडोद्यास दत्तक. त्यांच्या शिष्यवृत्त्यांची कहाणी स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे; आम्ही एकच प्रकरण घेतो, कारण त्यात शिष्यवृत्ती कशी मिळते, कशी पुरते आणि कशी अपुरी पडते, हे सर्व आले आहे.

भीमराव आंबेडकर इंटरची परीक्षा उतरले आणि सुभेदार रामजींचे हात टेकले. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने पुढाकार घेऊन त्यांस महाराजांपुढे उभे केले व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. आम्ही जन्मभर मास्तरकी केली, म्हणून केळुसकर गुरुजींचे नाव लिहिताना अंमळ थांबावेसे वाटते. गुरुजींच्या स्वतःच्या खिशात काही नव्हते. पैसा कोठे आहे आणि तो कोणापुढे जाऊन मागावा, एवढे त्यांस ठाऊक होते.

१९१३ साली बडोदे सरकारने भीमरावांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी असा करार. १९१५ साली ते एम. ए. झाले, १९१६ साली लंडनला गेले. परंतु मुदत सरली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तेथे राहावयास कोणी घर देईना. ज्या संस्थानाने माणसास अमेरिकेस पाठविले, त्या संस्थानाच्या राजधानीत त्यास डोक्यावर छप्पर मिळू नये! पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये कर्जाऊ घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य झाले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले व १९२३ साली डी. एस्सी. झाले. मध्ये तीन वर्षे गेली, ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, मुदत अभ्यासापेक्षा आखूड होती म्हणून. शिष्यवृत्तीचे नियम करणाऱ्यांनी हे प्रकरण पुनःपुन्हा वाचावे.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हेही १८६३ सालचेच. त्यांस कोणाची फेलोशिप नव्हती. गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळावी, स्वतः हाताने शिजवून खावे व ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापून काढावी, असा त्यांचा क्रम. १९२६ साली धुळ्यास त्यांचे देहावसान झाले व दुसऱ्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन होऊन त्यांचे कागद सांभाळले गेले. कित्येक सद्गृहस्थ राजवाड्यांचे उदाहरण देऊन म्हणतात की, खऱ्या संशोधकास पैसा लागत नाही. आम्हांस हे म्हणणे साफ अमान्य आहे. एक राजवाडे उपाशीपोटी टिकले, म्हणून उपासमार ही संशोधनाची अट ठरत नाही; जे टिकले नाहीत त्यांची नावे आपणांस माहीत नाहीत, इतकेच. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तर ज्ञानकोशासाठी रीतसर लिमिटेड कंपनी काढून भाग विकले. हा मार्गही आपल्याच महाराष्ट्रातला.

कलावंतांची स्थिती निराळी. त्यांस दरबारचा आश्रय असे. कोल्हापुरास अल्लादियाखाँसाहेब होते, औंधच्या बाळासाहेब पंत प्रतिनिधींच्या पदरी चित्रकार होते. बडोद्यास १८९० साली कलाभवन निघाले व तेथे धुंडिराज गोविंद फाळके यांसारखे विद्यार्थी शिकून गेले. तथापि त्याच फाळक्यांस १९१२ साली चित्रपटाच्या साहित्यासाठी विलायतेस जावयाचे होते, तेव्हा आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकावी लागली. १९४९ साली कोल्हापूर व बडोदे ही संस्थाने विलीन झाली आणि दरबार संपले. त्यांची जागा सरकारी अकादमींनी व खात्यांनी घेतली.

आज साधने कमी नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये असा दर ठरला. अनुसूचित जातीजमातींच्या संशोधकांसाठी २००५-०६ पासून राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था राज्य सरकारने निरनिराळ्या समाजांसाठी उभारल्या. परदेशी जाणाऱ्यास टाटांच्या १८९२ सालच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते, डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीच्या आधाराने. केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, व तीत लोककला व आदिवासी कलाही येतात.

परंतु या गोष्टी धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलापर्यंत पोहोचतात कशा? आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरांत एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. पावरी, देहवाली या बोलींतील गाणी, काठीच्या होळीचे नृत्य व वाद्ये यांवर संशोधनास जन्म पुरणार नाही इतके साहित्य पडून आहे. आमचा एक माजी विद्यार्थी, आपल्या ज्ञातीचा नव्हे, पावऱ्यांच्या लग्नगीतांवर काम करीत होता. फेलोशिप मंजूर झाल्याचे पत्र आले. रक्कम आली नाही. प्रगती अहवाल पाठवा, दाखला नवा काढा, मार्गदर्शकांची सही पुन्हा घ्या, असे करीत अकरा महिने गेले आणि तो सुरतेस कापडाच्या दुकानात हिशेबनीस म्हणून लागला. थकलेली रक्कम पुढे एकत्र आली म्हणतात. गाणी सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्या मात्र दरम्यान वारल्या.

म्हणून आम्ही मंडळाच्या चिटणिसांकडे एक लेखी सूचना दिली आहे. बक्षिसांची रक्कम सर्वांस थोडी थोडी वाटण्याची रीत चालू ठेवावी, तीस आमचा विरोध नाही. मुलांचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु निधीच्या व्याजाचा तिसरा हिस्सा वेगळा काढावा. त्यातून ज्याची फेलोशिप मंजूर झाली पण हाती आली नाही, अशा संशोधकास अथवा कलावंतास दरमहा बिनव्याजी उचल द्यावी, आणि सरकारी रक्कम येताच त्याने ती परत करावी. उचलीची मुदत त्याच्या कामाकडे पाहून ठरवावी, आपल्या आर्थिक वर्षाकडे पाहून नव्हे. अर्जाच्या तारखा, लागणारे दाखले व कार्यालयांचे पत्ते यांची वही मंडळाच्या वाचनालयात ठेवावी व ती दर तीन महिन्यांनी नवी करावी. हे काम करण्यास आम्ही व आमचे दोन निवृत्त सहकारी तयार आहोत.

उचल ज्ञातीबाहेरच्या मुलासही द्यावी, असे सूचनेचे शेवटचे कलम आहे. त्यावर सभेत कडाक्याचा वाद होईल, हे आम्ही जाणून आहो. कार्यकारिणीतील काही ज्येष्ठांनी ते कलम गाळण्याविषयी आम्हांस प्रेमाने सुचविले. आम्ही ते गाळलेले नाही. वार्षिक सभेत सूचना मतास टाकली जाईल, तेव्हा सभासदांनी उपस्थित राहावे, अशी विनंती आहे.