चिठ्ठी दाखवून आणलेली पुस्तकं

१७. लेखकाने या पुस्तकांचा उल्लेख ओझरता केला आहे. मागचा प्रसंग ठाऊक नसेल तर त्यातली बोच कळत नाही. रिचर्ड राइट (१९०८–१९६०) यांच्या ‘ब्लॅक बॉय’ (१९४५) या आत्मकथनातला हा प्रसंग अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिस शहरात, १९२०च्या दशकात घडतो. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातून काळ्या माणसाला स्वतःसाठी पुस्तक नेता येत नसे. गोऱ्याचा निरोप्या म्हणून मात्र आत जाता येई. राइट कामावरच्या एका आयरिश कॅथलिक माणसाचं कार्ड मागून घेतात, त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहितात आणि त्या चिठ्ठीत स्वतःचा उल्लेख काळ्यांना दिल्या जाणाऱ्या शिवीने करतात. काळा माणूस स्वतःबद्दल असं लिहील, हे कुणाच्या मनातही येणार नव्हतं. तरीही ग्रंथपाल बाईंना शंका येते, तेव्हा ते सांगतात की मला वाचताच येत नाही.

वाचण्यासाठी निरक्षराचं सोंग! गोऱ्या-काळ्यांच्या सोयी ‘वेगळ्या, पण समान’ असाव्यात हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली प्लेसी खटल्यात उचलून धरलं होतं. त्यातलं ‘समान’ किती पोकळ होतं, हे निकालपत्रापेक्षा या एका चिठ्ठीतून अधिक स्वच्छ दिसतं. शाळांपुरतं ते तत्त्व न्यायालयाने १९५४ साली मोडीत काढलं. वाचकांनी ‘ब्लॅक बॉय’चं तेरावं प्रकरण मुळातून अवश्य वाचावं. — संपादक